ओपन स्पिन चेन ‘एक्झॅक्टली सॉल्व्हेबल’ आहे म्हणजे नेमकं काय सॉल्व्ह होतं?

सातारी_फोटॉन

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्ट ओपन क्वांटम सिस्टिम्सवर. एक्सएक्स स्पिन चेन (एका रांगेत शेजाऱ्याशी जोडलेले स्पिन) घेतलीये, पहिल्या साइटला पंप (सिग्मा प्लस, पार्टिकल आत टाकतो) आणि प्रत्येक साइटला लॉस (सिग्मा मायनस, पार्टिकल बाहेर काढतो). लिंडब्लाड इक्वेशन (बाहेरच्या जगाशी जोडलेल्या सिस्टिमचा डेन्सिटी मॅट्रिक्स काळाबरोबर कसा बदलतो ते सांगणारं) लावून स्टेडी स्टेटमध्ये (सगळं बदलायचं थांबल्यावर) करंट किती वाहतो आणि डेन्सिटीचा प्रोफाइल कसा दिसतो एवढंच काढायचंय. मी सरळ अख्खा लिउव्हिलियन मॅट्रिक्स (त्या इक्वेशनची उजवी बाजू) बनवला आणि डायगोनलाइज करायला टाकला. ६ साइटला चहा पिऊन येईपर्यंत उत्तर आलं, ७ ला लॅपटॉप (८ जीबी रॅम) असा बसला की पॉवर बटण दाबूनच उठवावा लागला.

सरांना सांगितलं तर म्हणाले, अरे हे फ्री फर्मिऑन्सला (एका जागी एकच बसणारे, एकमेकांशी इंटरॅक्ट न करणारे कण) मॅप होतं, एक्झॅक्टली सॉल्व्हेबल आहे, कागदावर होईल, आणि लेक्चरला निघून गेले. मग मी आठवडाभर पेपर चाळले आणि डोक्याचा पार भुगा झाला. एका पेपरात एक्झॅक्टली सॉल्व्हेबल म्हणून अख्खा स्पेक्ट्रम दिलाय, दुसऱ्यात फक्त स्टेडी स्टेट दिलीये आणि स्पेक्ट्रमचं नावच नाही, तिसऱ्यात स्टेट पण नाही स्पेक्ट्रम पण नाही, नुसती कोरिलेशन्सची इक्वेशन्स आहेत आणि तरी शीर्षकात ‘एक्झॅक्ट’. जॉर्डन-विग्नर (स्पिनचे फर्मिऑन करायची रीत) करून बघितलं तर मधल्या साइटच्या लॉसमध्ये ती लांबलचक शेपटी (स्ट्रिंग, म्हणजे आधीच्या सगळ्या साइटच्या चिन्हांचा गुणाकार) राहते, जातच नाही. माझं चुकतंय, का सरांचं, का या शब्दालाच काही अर्थ नाही?

---

मॅट्रिक्स_मामा

आधी लॅपटॉपची बाजू घेतो, बिचाऱ्याची काही चूक नाही. एल साइटची चेन असेल तर डेन्सिटी मॅट्रिक्समध्येच ४ चा एल-वा घात इतके आकडे, आणि लिउव्हिलियन हा त्यांच्यावर चालणारा मॅट्रिक्स, म्हणजे त्याचा पुन्हा वर्ग. ६ साइटला ४०९६ बाय ४०९६, कॉम्प्लेक्स आकडे धरले तर २७० एमबीच्या आसपास, चालून जातं. ७ ला ४ जीबीच्या वर, आणि डायगोनलाइज करताना त्याच्या दोन-तीन कॉप्या लागतात. ८ ला नुसता साठवायलाच ६८ जीबी. तेव्हा रॅम वाढवून द्या म्हणून घरी मागे लागू नकोस, एक स्टिक म्हणजे फार तर एक साइट.

आता मुद्द्याचं. तुझा तिसरा पर्याय बराचसा बरोबर आहे, म्हणजे शब्दाला अर्थ आहे पण एक नाही. बंद सिस्टिममध्ये भानगड नसते, हॅमिल्टोनियनच्या एनर्जी लेव्हल्स आणि आयगनस्टेट्स मिळाल्या की सॉल्व्ह झालं म्हणायचं, १९३१ ला बेथेने हायझेनबर्ग चेनसाठी केलं तसं. ओपनमध्ये आल्यावर हा सौदा फुटतो. लिउव्हिलियनचा स्पेक्ट्रम सांगतो की सिस्टिम किती वेगाने शांत होते. स्टेडी स्टेट सांगते की शांत झाल्यावर कशी दिसते. आणि करंट, डेन्सिटी असल्या गोष्टींना या दोन्हीतलं काहीच पूर्ण लागत नाही, दोन-बिंदू (दोन साइटमधल्या) कोरिलेशनच्या इक्वेशनमध्ये वरच्या ऑर्डरचं कोरिलेशन घुसलं नाही म्हणजे झालं. या तीन गोष्टी एकमेकींपासून बऱ्यापैकी सुट्या आहेत, एक मिळाली म्हणून दुसरी मिळेलच असं नाही, आणि पेपर लिहिणारे तिन्हीला एकच शब्द वापरतात. तुझा भुगा इथे झालाय.

सगळ्यात सुखाची केस म्हणजे हॅमिल्टोनियन फर्मिऑन्समध्ये क्वाड्रॅटिक (प्रत्येक पदात दोन ऑपरेटर) आणि जंप ऑपरेटर (पंप-लॉससारखी बाहेरची ढवळाढवळ लिहिणारे) लिनिअर (एकच ऑपरेटर). तिथे तिन्ही हातात येतात. २००८ मध्ये ल्युब्लियानाच्या तोमाझ प्रोसेनने याची पद्धत मांडली, नाव दिलं ‘थर्ड क्वांटायझेशन’. नावाला घाबरू नको, तिसऱ्यांदा काहीही क्वांटाइज होत नाही, डेन्सिटी मॅट्रिक्सलाच एक वेक्टर मानायचा आणि त्या जागेत नवीन क्रिएशन-ॲनिहिलेशन ऑपरेटर उभे करायचे, बाकी रेसिपी आपली नेहमीचीच. फायदा असा की ४ चा एल-वा घात जाऊन ४एल बाय ४एल मॅट्रिक्स उरतो. १०० साइट म्हणजे ४०० बाय ४००, तुझा लॅपटॉप डोळे मिटून करेल.

पण तुझ्या केसमध्ये जंप ऑपरेटर लिनिअर आहेत का? सिग्मा मायनस पहिल्या साइटला असेल तर शेपटीच नाही. शेवटच्या साइटला असेल तर शेपटी आहे पण ती अख्ख्या चेनची पॅरिटी (एकूण पार्टिकल सम की विषम) होऊन बसते, करंट-डेन्सिटीसारख्या सम ऑब्झर्व्हेबलना त्रास देत नाही. मधल्या साइटला मात्र ती खरोखर नडते. कागदावर करून बघ: साइट ‘अ’ आणि ‘ब’ मधलं कोरिलेशन घे, लॉस त्या दोघांच्या मधल्या कुठल्यातरी साइट ‘म’ ला आहे असं धर. शेपटीत ‘अ’ येतो पण ‘ब’ येत नाही, म्हणून एक उणे चिन्ह जास्त पडतं, आणि जी दोन पदं कटायला हवी होती ती कटायच्या ऐवजी एकत्र होऊन उणे दोन गुणिले रेट गुणिले ‘म’ ची डेन्सिटी गुणिले तुझं कोरिलेशन असं चार ऑपरेटरचं पद उरतं. चाराच्या इक्वेशनमध्ये सहाचं येणार, सहाच्यात आठाचं. संपलं. तेव्हा तुझी शेपटी खरी आहे, गणित चुकलेलं नाही.

---

जुनं_खोड

यावर एक शंका. अशी मॉडेल्स सोडवून नक्की मिळतं काय? टोकाला पंप, टोकाला लॉस, मधे एकही इम्प्युरिटी नाही, फोनॉन नाहीत, मेमरी नाही, मार्कोव्ह गृहीत धरलेलं. लॅबमध्ये असलं काही कधी बघितलंय का कोणी? आमच्या वेळी याला टॉय मॉडेल म्हणायचे आणि लोकांना ते म्हणायला लाज वाटायची नाही.

---

शून्य_केल्विन

खोडकाका, तुमच्याकडे येते, आधी मुलाचं बघू.

सातारी, मामांनी सांगितलं ते बरोबरच आहे पण त्यात एक गंमत राहिली. समजा तू तो पहिल्या साइटचा पंप काढून टाकलास, फक्त प्रत्येक साइटला लॉस. कोरिलेशनची इक्वेशन्स अजूनही बंद होत नाहीत, शेपटी तशीच. पण अख्खा स्पेक्ट्रम मात्र फुकट मिळतो! कारण लॉस-जंप पार्टिकलची संख्या फक्त कमी करतो, वाढवत कधीच नाही, आणि एक्सएक्स हॅमिल्टोनियन संख्या बदलत नाही. म्हणून लिउव्हिलियन संख्येनुसार मांडलास तर वरचा-त्रिकोणी होतो, आणि त्रिकोणी मॅट्रिक्सच्या आयगनव्हॅल्यू कर्णावरच बसलेल्या असतात हे आपण बारावीनंतर लगेच शिकतो. कर्णावर कोण आहे, तर जंपचं पद वगळून उरलेला नॉन-हर्मिशियन हॅमिल्टोनियन, आणि त्यात शेपटी नाहीच कारण तिथे सिग्मा प्लस गुणिले सिग्मा मायनस येतं, म्हणजे नुसती डेन्सिटी. सगळीकडे लॉसचा रेट एकच असेल तर उत्तर तोंडी सांगता येतं: दोन फ्री-फर्मिऑन स्टेट्स घे, एनर्जीच्या फरकाने आयगनव्हॅल्यू फिरते आणि दोघींच्या पार्टिकल संख्येची बेरीज गुणिले रेट भागिले दोन इतक्या वेगाने विझते. गॅप, म्हणजे सगळ्यात हळू विझणाऱ्याचा वेग, रेटचा अर्धा. बस.

हीच युक्ती हबर्ड मॉडेलमध्ये (एका साइटवर आलेले अप आणि डाऊन स्पिनचे पार्टिकल इंटरॅक्ट करतात ते) दोन-दोन पार्टिकल एकदम गळतात अशा केसला वापरून नाकागावा, कावाकामी आणि उएदा यांनी २०२१ मध्ये बेथे आन्झात्झने (बेथेच्या १९३१ च्या त्याच रीतीने) स्पेक्ट्रम काढलाय, तिथे तर हॅमिल्टोनियनच इंटरॅक्टिंग आहे.

तर बघ, स्पेक्ट्रम पूर्ण हातात, स्टेडी स्टेट काय तर रिकामी चेन, म्हणजे माहिती असून नसल्यासारखी, आणि मधल्या वेळेत कोरिलेशन कसं बदलतं ते सोप्या रस्त्याने मिळत नाही. याला सॉल्व्हेबल म्हणायचं का नाही हे तू ठरव. आणि पंप परत आणलास की त्रिकोण मोडला.

---

सातारी_फोटॉन

बापरे. त्रिकोणाचं कळलं, भारी आहे, पण मला करंट पाहिजे आणि रिकाम्या चेनमधून करंट कुठला. मामा, मग मी असं करू का, मधला सगळा लॉस काढून टाकतो, पंप पहिल्या साइटला आणि लॉस फक्त शेवटच्या साइटला. हे तरी कागदावर होतं का, का इथेही लॅपटॉपच?

---

मॅट्रिक्स_मामा

होतं, आणि थर्ड क्वांटायझेशनही लागत नाही, पाठकोऱ्या कागदावर होतं. करून दाखवतो, तू पडताळ.

होपिंग जे धर, दोन्ही टोकांचा रेट सारखाच, त्याला टी म्हणू. कोरिलेशन मॅट्रिक्सचे एल-वर्ग आकडे शोधायचेत. आता अंदाज बांध: मधल्या सगळ्या साइटची डेन्सिटी अर्धी, पहिल्याची थोडी जास्त, शेवटच्याची तेवढीच कमी, शेजारच्या साइटमधलं कोरिलेशन सगळीकडे सारखं आणि शुद्ध इमॅजिनरी (करंट तिथेच राहतो), आणि लांबच्या साइटमधलं कोरिलेशन शून्य. हा अंदाज इक्वेशनमध्ये घाल. एक साइट सोडून पलीकडच्या साइटशी असलेल्या कोरिलेशनचं इक्वेशन आपोआप शून्य होतं, कारण दोन्ही शेजाऱ्यांकडून सारखंच येतं आणि कटतं. उरतात फक्त टोकाची दोन-तीन इक्वेशन्स, दहावीची बीजगणित. उत्तर:

करंट = (२ × जे² × टी) ÷ (टी² + ४ × जे²)

एल कुठेच नाही! २ साइटची चेन असो की २०००, करंट तोच. याला बॅलिस्टिक म्हणतात, मधे अडवणारं कोणी नसल्यामुळे चेनची लांबी कळतच नाही. आणि टी वाढवत गेलास तर करंट आधी वाढतो, टी = २जे ला सगळ्यात जास्त म्हणजे जे ÷ २, आणि मग उलट पडायला लागतो. टोकाला इतक्या घाईने ओढाताण केली की साइटला हलायलाच फुरसत मिळत नाही, झेनो इफेक्ट म्हणतात तो हाच, फुकटात दिसला.

जे = १, टी = १ टाक. करंट ०.४, पहिल्या साइटची डेन्सिटी ०.६, शेवटची ०.४, मधले सगळे ०.५. तुझ्या जुन्या कोडमध्ये ४ साइट टाकून ताडून बघ.

अजून एक, टाइम इव्होल्यूशन करून स्टेडी स्टेटला पोचायच्या भानगडीत पडू नकोस. करंट जरी लांबीवर अवलंबून नसला तरी गॅप एल च्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बारीक होत जातो, चेन दुप्पट केली की आठपट वाट बघ. सरळ लिनिअर इक्वेशन सोडव.

---

सातारी_फोटॉन

मामा तुमचं चुकलंय का माझं ते बघा, मला ०.४ नाही येत, ०.४७०६ येतंय!! ३ साइट, ४ साइट, ५ साइट, सगळीकडे ०.४७०६, म्हणजे लांबीवर अवलंबून नाही हे बरोबर आलं पण आकडा वेगळा. पहिल्या साइटची डेन्सिटी ०.५२९. दोन तास झाले बसलोय, जेवलो पण नाही.

---

शून्य_केल्विन

०.४७०६ म्हणजे ८ ÷ १७. मामांच्या सूत्रात जे = २ टाक, ८ ÷ १७ च येतं 🙂 तू हॅमिल्टोनियन सिग्मा-एक्स सिग्मा-एक्स अधिक सिग्मा-वाय सिग्मा-वाय असा लिहिलास आणि पुढचा अर्धा विसरलास. पाउली मॅट्रिक्स वापरले की होपिंग दुप्पट होतं. जेव आता.

हे बघून खोडकाकांना उत्तर द्यायचा मोह आवरत नाही. एक्झॅक्ट उत्तर हातात नसतं तर हा पोरगा ०.४७०६ प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये छापून मोकळा झाला असता, आणि ग्राफ दिसायला अगदी व्यवस्थित होता. टॉय तर टॉय, पण मोजपट्टी कुठेतरी लागतेच.

---

सातारी_फोटॉन

आयला हो, अर्धा राहिला होता. ०.४ आलं, ०.६ पण आलं. धन्यवाद ताई 🙏 जेवतो.

---

मॅट्रिक्स_मामा

छान. आता हात बसलाच आहे तर एक पायरी पुढे जा, कारण माझ्या मते या विषयातलं सगळ्यात देखणं उदाहरण पुढच्याच पायरीला आहे. टोकाचे पंप-लॉस तसेच ठेव आणि प्रत्येक साइटला डीफेझिंग लाव, म्हणजे जंप ऑपरेटर नुसती डेन्सिटी, रेट गामा. याने पार्टिकल ना येतो ना जातो, फक्त बाहेरचं कोणीतरी सतत डोकावून बघतंय इथे आहे का नाही, आणि त्या डोकावण्याने फेजचा घोळ होतो.

आता हा जंप ऑपरेटर लिनिअर नाही, क्वाड्रॅटिक आहे. म्हणजे लिउव्हिलियन चार ऑपरेटरचा झाला, इंटरॅक्टिंग झाला, थर्ड क्वांटायझेशनचा सरळ रस्ता बंद. पण दोन-बिंदू कोरिलेशनचं इक्वेशन लिहून बघ: कर्णावर काहीच होत नाही आणि कर्णाबाहेरचं प्रत्येक कोरिलेशन गामा रेटने विझतं. बस, एवढंच. चाराचं काही घुसत नाही, इक्वेशन बंद! २०१० मध्ये ल्युब्लियानाच्याच मार्को झ्निदारिचने अशा एक्सएक्स चेनची स्टेडी स्टेट एक्झॅक्ट मांडली. आधीचाच अंदाज थोडा बदल, मधली डेन्सिटी सपाट न ठेवता सरळ रेषेत उतरती ठेव, आणि जे = टी = १ ला उत्तर येतं:

करंट = २ ÷ (५ + गामा × (एल − १))

गामा शून्य केला की तुझा ०.४ परत मिळतो. गामा १ आणि ६ साइट म्हणजे ०.२. १०१ साइट म्हणजे २ ÷ १०५. आता करंट लांबीच्या व्यस्त प्रमाणात पडतोय, म्हणजे शाळेतला ओहमचा नियम, तारेची लांबी दुप्पट केली की करंट जवळजवळ निम्मा. तो ५ जो आहे तो टोकांचा कॉन्टॅक्ट रेझिस्टन्स समज. डिफ्यूजनचा गुणांक २जे² ÷ गामा. बॅलिस्टिकचं डिफ्यूझिव्ह कसं होतं हे एका ओळीत, अंदाजपंचे न करता, आणि गामा कितीही बारीक घेतलास तरी चेन पुरेशी लांब केली की शेवटी डिफ्यूजनच जिंकतं हे पण त्याच ओळीत दिसतं. मी पहिल्यांदा काढलं तेव्हा खोलीत उगाच दोन फेऱ्या मारल्या होत्या.

---

शून्य_केल्विन

आणि याच मॉडेलचा अख्खा स्पेक्ट्रम काढायला बसलात तर वेगळीच दुनिया. २०१६ ला मेदव्हेदेवा, एस्लर आणि प्रोसेन यांनी दाखवलं की टाइट-बाइंडिंग चेन अधिक डीफेझिंग हा लिउव्हिलियन म्हणजे हबर्ड मॉडेलच, फक्त इंटरॅक्शन इमॅजिनरी. डेन्सिटी मॅट्रिक्सला केटची बाजू आणि ब्राची बाजू असते ना, त्यातली एक अप स्पिन समजा, दुसरी डाऊन स्पिन, आणि डीफेझिंगमुळे एकाच साइटवर केटची डेन्सिटी गुणिले ब्राची डेन्सिटी असं पद येतं, जे नेमकं हबर्डचं ऑनसाइट इंटरॅक्शन आहे. हबर्ड चेन बेथे आन्झात्झने सुटते, म्हणून हीही सुटते. पुढे यांग-बॅक्स्टरच्या चौकटीत (बेथे आन्झात्झच्या मागचं गणित) बसणारे असे लिंडब्लाड शोधण्याचा धंदाच सुरू झाला.

म्हणजे करंट पाहिजे असेल तर दहावीची बीजगणित, स्पेक्ट्रम पाहिजे असेल तर बेथे आन्झात्झ, मॉडेल तेच. पेपरच्या शीर्षकावर कधी जाऊ नकोस, कुठल्या प्रश्नाचं उत्तर एक्झॅक्ट आहे ते आधी शोध.

उलटं टोक एक्सएक्सझेड चेनचं (एक्सएक्समध्ये शेजाऱ्यांचं झेड-झेड पद जास्तीचं, त्याचा जोर म्हणजे अॅनिसोट्रॉपी). टोकाला पूर्ण जोराने पंप आणि लॉस, हॅमिल्टोनियन इंटरॅक्टिंग, कोरिलेशनची इक्वेशन्स अजिबात बंद होत नाहीत. तरी स्टेडी स्टेट एक्झॅक्ट मिळते! प्रोसेनने २०११ मध्ये ती मॅट्रिक्स प्रॉडक्ट (मॅट्रिक्सच्या गुणाकाराच्या) रूपात लिहिली: एक ऑपरेटर गुणिले त्याचाच ॲडजॉइंट. अॅनिसोट्रॉपी १ पेक्षा कमी असेल तर लांबीने करंट पडत नाही, १ पेक्षा जास्त असेल तर एक्स्पोनेन्शियली मरतो, आणि नेमकं १ ला लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात, प्रोफाइल कोसाइनच्या आकाराचा. (हे पूर्ण जोराच्या ड्रायव्हिंगचं आहे बरं, हळू ढकललं तर १ ला वेगळं वागतं, दोन्हीची सरमिसळ करून भांडणारे लोक मी बघितलेत.)

काका, आता तुमचं. ही टॉय चेन सोडवताना जो ऑपरेटर सापडला त्यातून बंद, टोकं नसलेल्या, साध्या हायझेनबर्ग-छाप चेनचा एक नवीन क्वासिलोकल (जवळजवळ एका जागेपुरता) कॉन्झर्व्हड चार्ज (काळाबरोबर न बदलणारी राशी) बाहेर पडला. अॅनिसोट्रॉपी १ च्या खाली स्पिन बॅलिस्टिक वाहतो का नाही यावर वर्षानुवर्षं वाद होता कारण माहीत असलेले लोकल चार्जेस शून्य मॅग्नेटायझेशनला काहीच मदत करत नव्हते, त्यांच्यावरून येणारी बॅलिस्टिक वाहण्याची खालची मर्यादा शून्य. या नव्या चार्जने मर्यादा शून्याच्या वर नेली. बंद घरातला प्रश्न दारं उघडल्यावर सुटला म्हणा.

---

जुनं_खोड

हे माहीत नव्हतं. मान्य, माघार घेतो, अर्धी.

खरं सांगायचं तर ते मॅट्रिक्स प्रॉडक्ट वाचून जुने दिवस आठवले. आम्ही क्लासिकल स्टॅट मेकवाले. टोकातून कण घुसतात, एकाच दिशेने उड्या मारत दुसऱ्या टोकाने बाहेर पडतात, एका जागी एकच कण, पुढचा हलल्याशिवाय मागच्याने हलायचं नाही, म्हणजे सिंहगड रोडची संध्याकाळ. टासेप म्हणतात त्याला. मूळ आलं बायोलॉजीतून, १९६८ मध्ये मॅकडोनाल्ड, गिब्स आणि पिपकिन यांनी आरएनएवर रायबोसोम कसे सरकतात यासाठी मांडलं. १९९३ मध्ये देरिदा, इव्हान्स, हकीम आणि पास्किए यांनी त्याची स्टेडी स्टेट मॅट्रिक्सच्या गुणाकारात लिहिली, तीही ओपन, दोन्ही टोकं सुटी. तुमचा प्रोसेन त्याच वाटेने गेलेला दिसतोय, फक्त आमच्याकडे आकडे प्रोबॅबिलिटी होते.

आणि या खानदानात आपलाही माणूस आहे. दीपक धर, आधी मुंबईत टीआयएफआर, नंतर पुण्यात आयसर. १९८७ मध्येच या असिमेट्रिक एक्सक्लूजनला बेथे आन्झात्झ लावलेलं होतं त्यांनी, सँडपाइलचं १९९० मधलं काम तर जगाला माहीत, २०२२ चं बोल्ट्झमन मेडलही मिळालं. पोरांना हे कोणी सांगत नाही, सगळे आर्काइव्हवर कालचं काय आलं तेच बघतात.

---

मॅट्रिक्स_मामा

खोडसाहेब खानदानाचं काढलंच आहे तर लिंडब्लाडचंही सांगून टाकतो. १९७६ मध्ये लिंडब्लाडने एकट्याने आणि गोरिनी, कोसाकोव्स्की आणि सुदर्शन या तिघांनी वेगळं, असं दोन्हीकडून ते इक्वेशन आलं, म्हणून बरेच जण चौघांचीही नावं घेतात. त्यातले ई. सी. जी. सुदर्शन मूळचे केरळचे, पण रोचेस्टरला जायच्या आधी काही वर्षं मुंबईत टीआयएफआरमध्ये होते. तेव्हा सातारी, रिपोर्टमध्ये नुसतं लिंडब्लाड लिहू नकोस, चारही लिही, एक्स्टर्नलला बरं वाटतं.

---

सातारी_फोटॉन

मंडळी, अपडेट. डीफेझिंगवालं पण आलं, ६ साइटला ०.२ बरोब्बर, मग कोरिलेशनच्या इक्वेशननी १०१ साइट केल्या, २ ÷ १०५ सहाव्या दशांशापर्यंत जुळलं. लॅपटॉपचा पंखासुद्धा फिरला नाही.

पण खरी गोष्ट पुढे आहे. आज सरांना गाठलं आणि मामांनी सांगितलेलं शेपटीचं सगळं फळ्यावर लिहून दाखवलं, मधल्या साइटचा लॉस बंद होत नाही, चार ऑपरेटरचं पद येतं वगैरे. सरांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, स्पिन कोणी सांगितले? मी म्हटलं, सर प्रोजेक्टच्या चिठ्ठीत चेन होती. चिठ्ठी काढली. त्यात स्वच्छ लिहिलंय ‘फर्मिऑन चेन, प्रत्येक साइटला लॉस, पहिल्या साइटला पंप’. मी पायथनच्या लायब्ररीत सिग्मा मायनस तयार मिळतो म्हणून स्पिन घेतले होते सप्टेंबरपासून 🤦

---

मॅट्रिक्स_मामा

हाहाहाहा. म्हणजे सर पहिल्या दिवसापासून बरोबर होते. फर्मिऑनचा लॉस म्हणजे नुसता सी (एक फर्मिऑन काढणारा ऑपरेटर), शेपटी नाहीच, जंप लिनिअर, मधे हवा तितका लॉस ठेव, पंप ठेव, प्रत्येक साइटला वेगळा रेट ठेव, सगळं क्वाड्रॅटिक. स्टेडी स्टेटला एल बाय एल चं एक लियापुनोव्ह इक्वेशन (मॅट्रिक्सचं लिनिअर इक्वेशन), पायथनच्या सायपायमध्ये तयार फंक्शन आहे, ५०० साइट कर.

आणि सप्टेंबरपासूनचं काम फुकट गेलं असं समजू नकोस. तुझा स्पिनवाला कोड ठेव. २ साइटला स्पिन आणि फर्मिऑन दोघांची डेन्सिटी-करंट तंतोतंत सारखी यायला पाहिजे, कारण दोन साइटच्या मधे तिसरी नाहीच, शेपटी नडणार कुठे. ३ साइटपासून दोघांची वाट वेगळी होईल. पहिली आणि तिसरी साइट, मधे दुसरीचा लॉस. तो फरक लॉसच्या रेटप्रमाणे कसा वाढतो त्याचा एक ग्राफ टाक रिपोर्टमध्ये, सरांनाही आवडेल.

---

शून्य_केल्विन

आणि ग्राफ टाकताना तो अर्धा विसरू नकोस.

---

सातारी_फोटॉन

ताई 😅 लावलाय. २ साइट सारखे आले. ३ ला खरंच फुटले. ग्राफ उद्या टाकतो इथे, आज मेस बंद व्हायच्या आत जातो.